'पब्लिक' आणि 'सार्वजनिक'

इंग्रजीतील 'पब्लिक' हा शब्द अतिपरिचित असला, तरी मराठीत त्यास एकच प्रतिशब्द पुरत नाही. 'पब्लिक मीटिंग' ती जाहीर सभा, 'पब्लिक ओपिनियन' ते लोकमत, आणि 'पब्लिक प्रॉसिक्यूटर' तो सरकारी वकील. 'जाहीर' या पदाने केवळ उघडपणा व्यक्त होतो. 'सरकारी' या पदात तर लोक उरतच नाहीत.

'सार्वजनिक' याची गोष्ट निराळी आहे. संस्कृत वैयाकरणांनी हा शब्द 'सर्व जनांस हितकर' या अर्थी सिद्ध केला. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा त्यात प्रतिनिधित्वाचा अर्थ शिरला. सभासदास किमान पन्नास व्यक्तींचे मुखत्यारपत्र आणावे लागे. प्रारंभीच्या ९५ सभासदांमागे सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. सभेचे संस्थापक गणेश वासुदेव जोशी यांस तर 'सार्वजनिक काका' हेच नाव पडले. तथापि सभेची धुरा सरदार, इनामदार, वकील अशा प्रतिष्ठितांकडे होती, त्यामुळे यातील 'सर्व' म्हणजे कोण, हा प्रश्न उरतोच. त्याच पुण्यात जोतीराव फुले यांनी हाच शब्द आपल्या ग्रंथनामात योजिला. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या निधनानंतर, १८९१ साली, प्रसिद्ध झाले. तेथील 'सर्व' मध्ये स्त्रिया आणि शूद्रातिशूद्र प्रथमपासूनच गृहीत आहेत.

पुढे १८९३ च्या सुमारास गणेशोत्सव चौकात आला आणि शब्दाचा रोख पुन्हा पालटला. सभेच्या व्यवहारात 'सार्वजनिक' याचे विरुद्ध पद 'सरकारी' हे होते. उत्सवात ते 'घरचा' असे झाले.