मिरचीच्या दिवसांतले सण

आमच्या चामोर्शी तालुक्यात बहुतेकांचं धानाचं एकच पीक. चुरणी आटोपली, सोसायटीचं देणं भागवलं, की जानेवारीपासून गावात हाताला काम नाही. मग माणसं गाड्या भरभरून मिरची तोडायला निघायची, खम्मम-वरंगलकडे. 2014 साली तिकडे तेलंगणा झाला, पण आमच्याकडे अजून 'आंध्रात गेले' असंच म्हणतात. अन् नेमके याच दिवसांत शिवरात्र, शिमगा, पाडवा येतात. सण गावात, माणसं मिरचीवर.

घरी राहायचे म्हातारे अन् शाळेतली पोरं. मी आजीजवळ. शिवरात्रीला ती मला मार्कंड्याच्या जत्रेला न्यायची. तिथं वैनगंगा उत्तरेला वळते, म्हणून त्या स्नानाचं महत्त्व मोठं. तिथली कोरीव देवळं पाहायला इंग्रजांच्या काळात कनिंगहॅमसारखा पुरातत्त्ववाला येऊन गेला. आजीला त्याचं काय? ती माय-बाबाच्या नावानं दोन डुबक्या जास्त मारायची. लाह्या-फुटाण्यांतला त्यांचा वाटा फडक्यात बांधून शिक्यात ठेवायची. आम्ही हात लावला की म्हणायची, "ते आले का त्यायची शिवरात्र." घरात शिवरात्र दोनदा व्हायची, दुसरी पाडव्याच्या मागंपुढं.

दहावीनंतर दोन हंगाम मीही गेलो. मजुरी किलोवर, म्हणून सणाची सुट्टी म्हणजे आपलंच नुकसान. तरी होळीला बाया दुपारीच शेतातून परतायच्या. गावाकडं पोरं महिनाभर आधीपासून शेणाच्या चाकोल्या थापतात. तिथं शेण कुठलं? पऱ्हाट्या अन् ताडाची वाळली पानं गोळा करायची. मिरचीची झाडं आगीत टाकायची नाहीत, एवढा एक नियम. एकदा कुणीतरी टाकली अन् बोंब मारायचं सोडून सगळे खोकतच बसले! पुरण वाटताना बायांच्या हातांची आग व्हायची, पोळीलाही तिखटाचा वास यायचा. आजवर खाल्लेल्यांत मला तीच पोळी जास्त आठवते.

पाडव्याला शेतमालकाच्या घरी उगादी असायची. ते कडुनिंबाचा फुलोरा, गूळ, चिंच, कैरी घालून पच्चडी करत, आम्ही गुळासोबत निंबाचा पाला खात असू. भाषा कळत नव्हती, पण कडू-गोड दोन्हीकडं सारखंच.

2020 साली तो पाडवा 25 मार्चला आला अन् त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली. माझा भाऊ अन् वहिनी तिकडंच अडकले. त्यांचा पोरगा मायजवळ. रस्ते बंद, म्हणून कितीतरी लोक जंगलवाटांनी पायी निघाले. आमचे दोघं मे महिन्यात पोचले, पण घरी येता येईना. चौदा दिवस गावाबाहेरच्या शाळेत. माय रोज डबा नेऊन कुंपणाजवळ ठेवायची अन् पोराला दुरून दाखवायची.

पहिल्या डब्यासोबत तिनं शिक्यातलं गाठोडं नेलं होतं. फेब्रुवारीतले फुटाणे, पार मऊ पडलेले. वहिनीनं आधी हापशीवर आंघोळ केली, मार्कंड्याच्या दिशेनं हात जोडले, मग गाठ सोडली. पोरगा कुंपणाअलीकडून ओरडत होता, "मलेबी ठेव वो माय!"