रॉजर लूसी : गप्प केलेल्या गायकाची कारकीर्द

दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीने किती पुस्तकांवर, चित्रपटांवर आणि ध्वनिमुद्रिकांवर बंदी घातली, हे तेथील सरकारी राजपत्र चाळून सांगता येते. मात्र किती कलावंतांचे कार्यक्रम कोणताही लेखी हुकूम न काढता बंद पाडले गेले, याची नोंद त्या राजपत्रात नाही. गायक-गीतकार रॉजर लूसी यांच्या वाट्याला हे दोन्ही प्रकार आले. त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर कायदेशीर बंदी आली. त्यांची कारकीर्द मात्र मोडली ती पडद्याआडच्या उपद्रवाने. हा उपद्रव कोणी, कसा आणि कोणाच्या सांगण्यावरून केला, हे पुढे तो करणाऱ्यानेच उघड सांगितले. त्यामुळे लूसी यांची हकिकत एका गायकापुरती राहत नाही. सत्तेचा हात कलेच्या गळ्याशी कसा पोहोचतो, याचा तो तपशीलवार पुरावा ठरतो.

डरबन आणि थर्ड इअर म्युझिक

लूसी यांचा जन्म १९५४ साली डरबन येथे एका श्वेतवर्णीय, इंग्रजीभाषक घरात झाला. गिटार हाती घेऊन स्वतः रचलेली गीते स्वतः गाणारा गायक, ही परंपरा त्या काळी अमेरिका आणि ब्रिटनमधून दक्षिण आफ्रिकेत येऊन रुजली होती. डरबन आणि जोहान्सबर्गमधील लहान क्लब, कॉफीगृहे आणि विद्यापीठांची सभागृहे हे तिचे आश्रयस्थान. लूसी तेथेच घडले.

अशा गायकांना मोठ्या संगीत कंपन्यांकडे फारसा थारा नव्हता. त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते डेव्हिड मार्क्स यांचे ‘थर्ड इअर म्युझिक’ हे स्वतंत्र प्रकाशन. मार्क्स स्वतः गीतकार होते. ऐन तारुण्यात त्यांनी सोन्याच्या खाणीत काम केले होते आणि त्या अनुभवातून रचलेले त्यांचे ‘मास्टर जॅक’ हे गीत १९६८ साली देशाबाहेरही गाजले होते. थर्ड इअरकडे पैसा बेताचाच होता. पण नभोवाणी जे वाजवणार नाही आणि मोठी दुकाने जे मांडणार नाहीत, ते ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची हिंमत होती.

‘द रोड इज मच लाँगर’

१९७९ साली लूसी यांची पहिली ध्वनिमुद्रिका ‘द रोड इज मच लाँगर’ या नावाने थर्ड इअरने काढली. ‘वाट याहून कितीतरी लांब आहे’ असा त्या नावाचा अर्थ.

या गीतांमागचा काळ ध्यानात घेतला पाहिजे. १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील शाळकरी मुलांच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि देशभर उठाव पेटला. १२ सप्टेंबर १९७७ रोजी स्टीव्ह बिको यांचा पोलिसांच्या ताब्यात असताना झालेल्या मारहाणीमुळे मृत्यू झाला. जुलै १९७८ मध्ये पोर्ट एलिझाबेथ येथील सॅनलॅम इमारतीच्या पाचव्या मजल्यावरून पडून लुंगिले तबलाझा हा तरुण मरण पावला. त्या इमारतीत सुरक्षा पोलिसांचे कार्यालय होते, आणि बिको यांची चौकशीही तेथेच झाली होती. तबलाझाने आत्महत्या केली, असे पोलिसांनी सांगितले.

लूसी यांनी तबलाझावर गीत रचले आणि त्याचे नावच गीताला दिले. केप टाऊनजवळच्या ‘क्रॉसरोड्स’ या वस्तीवर त्यांनी दुसरे गीत लिहिले. झोपड्या पाडण्याच्या सरकारी प्रयत्नांना तेथील कृष्णवर्णीय कुटुंबे नेटाने तोंड देत होती. रूपके आणि सूचक शब्द यांच्या आड लपण्याची वाट त्या काळच्या अनेक गीतकारांनी पत्करली होती. लूसी यांनी माणसांची आणि ठिकाणांची नावे घेतली. ज्या देशात कोठडीतील मृत्यूची बातमीही जपून छापावी लागत असे, तेथे मृताचे नाव गाण्यातून घेणे ही साधी गोष्ट नव्हती.

बंदीची अधिकृत यंत्रणा

१९७४ च्या प्रकाशन कायद्यान्वये दक्षिण आफ्रिकेत प्रकाशन संचालनालय काम करीत असे. पुस्तके, नियतकालिके आणि ध्वनिमुद्रिका त्याच्या कक्षेत येत. पोलीस, सीमाशुल्क अधिकारी किंवा कोणीही सामान्य नागरिक एखादी कृती तपासणीसाठी धाडू शकत असे. मग एक समिती तिचा निकाल लावी. ‘अनिष्ट’ ठरलेल्या कृतीचे वितरण हा गुन्हा होई. त्याहून कडक आदेश निघाला, तर ती कृती नुसती जवळ बाळगणेही गुन्ह्यात जमा होत असे. ‘द रोड इज मच लाँगर’वर हा दुसऱ्या, कडक प्रकारचा आदेश निघाला. ज्यांनी ती तबकडी विकत घेतली होती, तेही रातोरात कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरले.

सरकारी नभोवाणीची चाळणी याहून निराळी होती. गीतांचे शब्द आधी तपासले जात. जे गीत नको असेल, त्या जागी तबकडीवर टोकदार वस्तूने ओरखडा ओढला जाई, म्हणजे निवेदकाने चुकूनही ते वाजवू नये. प्रत्येक भाषासमूहासाठी वेगळी नभोवाणी ठेवण्याचे धोरण असल्याने इंग्रजी आणि झुलू एकाच गीतात आणणाऱ्या जॉनी क्लेग आणि सिफो म्चुनू यांच्या ‘जुलुका’सारख्या गटालाही प्रक्षेपण मिळणे दुरापास्त होते. नभोवाणी नाही म्हणजे मोठा श्रोतृवर्ग नाही. तेव्हा स्वतंत्र गायकाला उरत होते ते रंगमंच, थोडी दुकाने आणि श्रोत्यांची तोंडी शिफारस.

सुरक्षा शाखेचा हस्तक्षेप

लूसी यांची प्रखर गीते ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वरून ऐकू आली, तेव्हा सरकारला एवढी बंदीही अपुरी वाटली. काम सोपवले गेले जोहान्सबर्गच्या सुरक्षा शाखेकडे आणि तेथील पॉल इरॅस्मस या तरुण पोलिसाकडे.

इरॅस्मस यांनी अवलंबलेले मार्ग कोणत्याही कायद्यात बसणारे नव्हते. लूसी यांचा दूरध्वनी चोरून ऐकला जाई, टपाल फोडले जाई. दुकानांतून त्यांच्या तबकड्या उचलल्या गेल्या. कार्यक्रम ठेवणाऱ्या जागामालकांना आणि संगीत व्यवसायातील लोकांना धमकावणीचे दूरध्वनी जाऊ लागले. जोहान्सबर्गमधील ‘मँगल्स’ या ठिकाणी लूसी यांचा कार्यक्रम चालू असताना वातानुकूलन यंत्रणेतून अश्रुधूर सोडण्यात आला आणि श्रोत्यांना जीव मुठीत धरून बाहेर पळावे लागले.

या कारवाईचे मर्म समजून घेण्यासारखे आहे. मोठ्या कंपनीच्या गायकामागे वकील, जाहिरात आणि परदेशी बाजारपेठ उभी असते. स्वतंत्र गायकाचा संसार चार-पाच दुव्यांवर चालतो : एक प्रकाशक, काही दुकानदार, काही जागामालक आणि ठरावीक श्रोते. यांपैकी कोणाचाही लूसी यांच्यावर राग नव्हता; पण प्रत्येकाला आपला धंदा सांभाळायचा होता. प्रत्येकाला थोडेसे घाबरवले की पुरे होते. मग ‘या महिन्यात जमणार नाही’ अशी निरुपद्रवी उत्तरे मिळत जातात आणि गायकाच्या हाती लढायला काहीच राहत नाही. राजपत्रातील बंदीविरुद्ध अपील करता येते. न आलेल्या निमंत्रणाविरुद्ध कोठे दाद मागायची?

१९८० साली लूसी यांची दुसरी ध्वनिमुद्रिका ‘हाफ अलाइव्ह’ आली. ‘झब झब मरॉडर्स’ या गटासह ते गातही राहिले. पण दारे एकामागून एक बंद होत गेली आणि काही वर्षांतच संगीतावर पोट भरणे अशक्य झाले.

येथे एक प्रमाण राखले पाहिजे. कृष्णवर्णीय कलावंतांना याहून फार मोठी किंमत मोजावी लागली. मिरियम मकेबा यांना तीन दशके मायदेशाबाहेर काढावी लागली. लढ्याची गीते रचणारे कामगार नेते वुयिसिले मिनी यांना १९६४ साली प्रिटोरियात फाशी देण्यात आले. लूसी यांना त्यांच्या वर्णाने बरेच संरक्षण दिले, हे खरे. तरीही गोऱ्या घरातला, केवळ गिटार घेऊन गाणारा एक तरुणही त्या सत्तेला एवढा सलावा, यावरून तिची भीती किती खोल होती हे कळते.

दुसरे नाव, दुसरा पेशा

पुढे लूसी यांनी ‘टाइटहेड फोरी’ असे टोपणनाव घेऊन ‘लूज फॉरवर्ड्स’ या गटासह गायला सुरुवात केली. दोन्ही नावे रग्बीच्या खेळाडूंच्या जागांवरून घेतलेली. गोऱ्या दक्षिण आफ्रिकेचा लाडका खेळ आणि त्याच समाजाची केलेली थट्टा, असा तो प्रकार होता. मात्र चरितार्थासाठी त्यांनी कॅमेरा खांद्यावर घेतला. ‘वर्ल्डवाइड टेलिव्हिजन न्यूज’ या वृत्तसंस्थेसाठी छायाचित्रणकार म्हणून त्यांनी देशातील संघर्ष टिपला. ज्या घटनांवर गाणी म्हणू दिली गेली नाहीत, त्याच जातीच्या घटनांची दृश्ये ते आता जगाला पाठवीत होते. नेल्सन मंडेला यांची सुटका झाली त्या १९९० साली त्यांची ‘रनिंग फॉर कव्हर’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. पुढच्या काळात ‘ई टीव्ही’ या वाहिनीवर त्यांनी पत्रकारिता केली.

कबुली आणि समोरासमोर भेट

१९९० च्या दशकाच्या मध्यास इरॅस्मस यांनी सुरक्षा शाखेच्या गुप्त कारवायांची जाहीर कबुली द्यायला आरंभ केला. डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य व मेळ आयोगापुढेही त्यांची साक्ष झाली. विनी मादिकिझेला-मंडेला यांच्याविरुद्ध चालवलेल्या अपप्रचाराची माहिती त्यांनी तेथे दिली. लूसी यांच्या कारकिर्दीचे काय केले, हेही या कबुलीतून उजेडात आले. आपल्या मागे कोण होते, याची पूर्ण कल्पना लूसी यांना इतक्या वर्षांनी आली.

पुढे दोघे भेटले. ऱ्होड्स विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ मायकेल ड्रूएट यांनी डग्लस मिचेल यांच्यासह २००२ साली केलेल्या ‘स्टॉपिंग द म्युझिक’ या माहितीपटात गायक आणि त्याला गप्प करणारा पोलीस एकाच पडद्यावर दिसतात. लूसी यांनी सूडाची भाषा टाळली. पण समेटाने हिशेब पुरा होतो, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. पंचविशीतल्या गायकाचा बहर आणि त्या बहरात त्याला मिळाला असता तो श्रोता, हे कोणत्याही आयोगाला परत देता येत नाही. इरॅस्मस यांच्याकडून लूसी यांना मिळाले ते एवढेच : आपण अपयशी ठरलो नव्हतो, आपल्याला अडवले गेले होते, ही खात्री. अशी खात्री न मिळताच संपलेल्या कलावंतांची संख्या पाहता, तेही थोडे नाही.

मागे उरलेले

२००० साली ‘ट्वेंटीवन इयर्स डाउन द रोड’ या संग्रहातून लूसी यांची जुनी गीते पुन्हा बाजारात आली आणि २०१२ साली त्यांचे आत्मकथन ‘बॅक इन फ्रॉम द अँगर’ प्रसिद्ध झाले. डेव्हिड मार्क्स यांनी अनेक वर्षे जपलेला ध्वनिफितींचा, छायाचित्रांचा आणि कागदपत्रांचा प्रचंड साठा ‘हिडन इयर्स’ या नावाने आता स्टेलेनबॉश विद्यापीठाकडे आहे. ‘दडवलेली वर्षे’ हे नाव सार्थ आहे. जी तबकडी घरात ठेवणे एके काळी गुन्हा होता, तिच्या काळाचा ठेवा आज विद्यापीठ जतन करीत आहे, आणि लुंगिले तबलाझाचे नाव त्या गीतामुळे पोलिसी नोंदीपुरते उरलेले नाही.