दोरी, चेंडू आणि होडी



घरातली एखादी बाई कॅन्सरचं ऑपरेशन करून आली की आपण काय म्हणतो? "पडून राहा गं, हात हलवू नकोस." तिच्या हातातला तांब्यासुद्धा काढून घेतो. मायेनंच करतो. पण हा सल्ला आला कुठून आणि तो बदलला कोणी, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्यात डॉक्टर आहेतच, पण एक पेशंट बाई आहे, काही नर्स आहेत आणि एका होडीतल्या २४ जणी आहेत.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात. तिथले सर्जन विल्यम हाल्स्टेड यांनी १८९४ साली स्तनाच्या कॅन्सरवरच्या आपल्या ऑपरेशनांचा अहवाल छापला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं ते काढून टाकत. रोगाचं मूळ मागे राहू नये, हा हेतू. पुढे कित्येक दशकं हीच पद्धत चालली. पण त्यात बाईचा हात अधू व्हायचा. आपल्या अंगात रक्ताशिवाय पाण्यासारखा एक द्रव फिरत असतो. हाताकडून येणारी त्याची वाट काखेतल्या गाठींमधून जाते. गाठी काढल्या की वाट अडते आणि हात सुजतो. खांदा आखडला तर केस विंचरणंसुद्धा कठीण.

त्या काळी विश्रांती हेच मोठं औषध समजलं जाई. ऑपरेशन झालं, पडून राहा. बाळंत झाली, पडून राहा. १९४७ साली इंग्लंडच्या रिचर्ड ॲशर या डॉक्टरांनी यावर एक गाजलेला लेख लिहिला. नुसतं पडून राहिल्यानं स्नायू झिजतात, हाडं ठिसूळ होतात, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा पडतात, हे त्यांनी सांगितलं. इतर आजारांत लोकांना लवकर उठवायला सुरुवात झाली. कॅन्सरच्या बाबतीत मात्र भीती गेली नाही.

मग १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरीस लॅसर नावाच्या बाईंचं हे ऑपरेशन झालं. हात पुन्हा कसा चालवायचा, कपडे कसे घालायचे, नवऱ्याशी, मुलांशी काय बोलायचं, हे त्यांना कोणी सांगेना. बरं वाटल्यावर त्या स्वतःच दवाखान्यांत अशा बायकांना भेटायला जाऊ लागल्या. सोबत काय, तर एक दोरी आणि एक रबरी चेंडू. दोरी दारावरून टाकून एका हातानं दुसरा हात वर ओढायचा. चेंडू मुठीत दाबायचा. भिंतीवर बोटं चालवत हात रोज थोडा वर न्यायचा. "मलाही हेच झालं होतं, बघा माझा हात," असं सांगणारी बाई समोर उभी राहिली की खाटेवरच्या बाईला धीर यायचा. काही सर्जनांना हे रुचलं नाही. पेशंटनं पेशंटला सांगावं, हे त्यांना पटेना. बाई थांबल्या नाहीत. १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं त्यांचं काम आपल्याकडे घेतलं आणि ते अनेक देशांत पोचलं.

हाताचं असं झालं. पण केमो चालू असताना येणारा थकवा? तिथंही सल्ला एकच, पडून राहा. ओहायो राज्यातल्या मेरिल विनिंगहॅम आणि मेरी मॅकव्हिकर या नर्सनी १९८०च्या दशकात हे तपासून पाहिलं. केमो घेणाऱ्या बायकांना त्यांनी आठवड्यातून ३ वेळा जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर बसवलं. थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू. त्या बायकांचा दम वाढला. कारण साधं आहे. पडून राहिलं की स्नायू अशक्त होतात, मग छोटं कामही जड जातं, म्हणून आपण आणखी पडून राहतो. हे चक्र थोड्याशा हालचालीनं तुटतं.

तरी एक भीती उरलीच होती. गाठी काढलेल्या हातानं सारखं जोराचं काम केलं तर हात सुजेल. कॅनडात व्हँकुव्हरचे डॉक्टर डॉन मॅकेन्झी यांना ही समजूत तपासायची होती. १९९६ साली त्यांनी स्तनाचा कॅन्सर झालेल्या २४ बायका गोळा केल्या, त्यांच्याकडून हळूहळू तयारी करून घेतली आणि त्यांना ड्रॅगनच्या तोंडाच्या लांब होडीत बसवलं. वल्हं मारणं म्हणजे हात-खांद्याचंच काम. सगळ्यांचं लक्ष त्यांच्या हातांवर. एकीचाही हात नव्यानं सुजला नाही. आज अशा होड्या कितीतरी देशांत आहेत.

पुढे अमेरिकेत १४१ बायकांचा अभ्यास झाला. त्यांचे हात आधीच सुजलेले होते. २००९ साली त्याचा निकाल आला. वर्षभर जपून, देखरेखीखाली वजनं उचलून सूज वाढली नाही, उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. आणि २०२५ साली आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ पेशंटांचा अभ्यास छापून आला. ऑपरेशन आणि केमो संपल्यावर ३ वर्षं शिकवून व्यायाम करून घेतलेल्यांपैकी आठ वर्षांनी १०० तले ९० जण जगले होते. ज्यांना फक्त पुस्तिका दिली, त्यांच्यातले ८३. हा व्यायाम औषधाच्या जागी नव्हता, औषधाच्या जोडीला होता, हे पक्कं ध्यानात ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, "ताई, आम्ही तर दिवसभर राबतो. आम्हाला कसला आलाय व्यायाम?" फरक आहे. त्या अभ्यासांत वजन अगदी कमीपासून सुरू झालं, अंगाला झेपेल तसं वाढलं, त्रास झाला की थांबलं. आपल्या डोक्यावरचा हंडा असा विचारून येत नाही. म्हणून दोन चुका टाळायच्या. तिला महिनोन्‌महिने खाटेवर ठेवायचं नाही, आणि "आता बरी झालीस ना" म्हणून लगेच सरपणाची मोळीही द्यायची नाही.

टाके भरेपर्यंत हात किती हलवायचा, हे डॉक्टर किंवा व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टला विचारा. ते आपणहून सांगत नसतील तर विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका. रोग हाडात गेला असेल तर विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका. ताप, छातीत दुखणं, चक्कर, धाप, रक्त जाणं, हाताला नवी सूज किंवा लाली दिसली, तर व्यायाम थांबवून दवाखाना गाठा. गाठी काढलेल्या हाताला काटा, विळा, चटका लागू देऊ नका.

बाकी अंगणात चार फेऱ्या, उद्या पाच. ज्या दिवशी झेपणार नाही, त्या दिवशी दोन. त्यात हार नाही.

आणि गटातल्या बायांनो, अशी एखादी तुमच्यात असेल तर तिचं पाणी तुम्ही भरा, पण तिचं चालणं तिला करू द्या. बैठक संपली की दोघी जणी तिला घरापर्यंत सोडायला जा. तिच्या चालीनं.