रेल्वेला हिशेब विचारणारी माणसं

मोठा रेल्वे अपघात झाला की दुसऱ्या दिवसापासून लालबहादूर शास्त्रींचा फोटो मोबाइलवर फिरायला लागतो. खाली एक ओळ असते, की त्यांनी राजीनामा दिला होता, आता कोणी देत नाही. ही गोष्ट खरी आहे. शास्त्रीजींचा मोठेपणाही खरा आहे. पण या एका गोष्टीमुळे आपला इतिहास फार लहान होतो. या देशात रेल्वेबद्दल सरकारला जाब विचारण्याचा उद्योग शास्त्रीजींच्या जन्माआधीपासून चालू आहे, आणि त्यातला बराचसा राजीनाम्याचा नसून आकड्यांचा आहे. आज त्या उद्योगाबद्दल बोलू.

1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे शाळेत शिकलो. ती गाडी कोणाच्या पैशावर धावली हे शाळेत फारसं सांगत नाहीत. भांडवल लंडनमधल्या गुंतवणूकदारांचं होतं, पण धोका आपला होता. 1849 साली ईस्ट इंडियन रेल्वे आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे आपली जीआयपी, या दोन कंपन्यांशी करार झाले. जमीन फुकट. गुंतवलेल्या भांडवलावर 5 टक्के व्याजाची हमी. रेल्वेने तेवढं कमावलं नाही, तर उरलेली रक्कम हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेतसारा आणि मिठाच्या करातून भरायची.

आता तुम्हीच कंत्राटदार आहात असं समजा. काम स्वस्तात केलं तरी 5 टक्के, महाग केलं तरी 5 टक्के. मग काटकसर कोण कशाला करील? आणि हे मी आज म्हणतोय असं नाही. सरकारचे माजी वित्त सदस्य विल्यम मॅसी यांनी 1872 साली ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना हेच सांगितलं. व्याजाची हमी एकदा मिळाल्यावर आपला पैसा विटाचुन्यात गेला काय किंवा हुगळीत फेकला गेला काय, इंग्लंडमधल्या भांडवलदाराला त्याचं सोयरसुतक नव्हतं, अशा अर्थाचं ते बोलले. घरचाच माणूस बोलला, म्हणून नोंद राहिली. परिणाम असा, की पहिली जवळजवळ पन्नास वर्षं रेल्वे सरकारी तिजोरीला एकंदरीत तोट्यातच राहिली.

याच काळात सर आर्थर कॉटन, गोदावरीवर धरण बांधणारे इंजिनियर, ओरडून सांगत होते की आधी कालवे काढा. 1876 चा दुष्काळ दख्खनेत आणि मद्रास इलाख्यात पडला तेव्हा रेल्वेने धान्य आणलं हे खरं, पण जिथे चार पैसे जास्त मिळतील तिकडे धान्य ओढून नेण्याचं कामही रेल्वेनेच केलं. तरीही रेल्वेवरचा खर्च पाटबंधाऱ्यांच्या कितीतरी पट राहिला.

या सगळ्याचा हिशेब एतद्देशीयांपैकी कोणी मांडला? दादाभाई नौरोजींचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. मला मात्र आज एका मास्तरांबद्दल बोलायचंय. गणेश व्यंकटेश जोशी. सरकारी हायस्कूलमध्ये शिक्षक, पुढे हेडमास्तर. न्यायमूर्ती रानड्यांच्या वर्तुळातले. पुण्याच्या सार्वजनिक सभेचं इंग्रजी त्रैमासिक निघायचं, त्यात ते 1880 च्या दशकापासून अर्थकारणावर लिहीत. साधन काय? सरकारचेच छापील अहवाल. सरकारचे आकडे घ्यायचे, शेजारी शेजारी मांडायचे आणि सरकारलाच विचारायचं, की रेल्वे वाढल्याने परदेशी कापड खेड्यापर्यंत पोचलं, कच्चा माल बंदरापर्यंत पोचला, पण विणकराचं काय झालं? रुळ विलायतेचे, इंजिनं विलायतेची, वरचे पगार विलायतेच्या माणसांचे, तर रेल्वेने इथे उद्योग उभा राहील असं म्हणता ते कुठे?

सरकारी नोकरीत राहून हे लिहायचं. नोकरी करणाऱ्या माणसाला यातली जोखीम समजावून सांगायला नको.

1897 साली गोपाळ कृष्ण गोखले लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्षीला गेले, तेव्हा वय होतं 30. त्यांच्यामागे आकड्यांची जी तयारी होती, तिच्यात जोशी मास्तरांचा मोठा वाटा होता. रेल्वेविषयी प्रश्न आल्यावर गोखल्यांनी स्वच्छ सांगितलं, की हे बांधकाम मुख्यतः इंग्लंडच्या व्यापारी आणि पैसेवाल्या वर्गासाठी चाललंय अशी इथल्या लोकांची भावना आहे. पुढे 1902 पासून कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात त्यांची अंदाजपत्रकावरची भाषणं सुरू झाली. त्या सभेत अंदाजपत्रकावर बोलता यायचं, मत देता यायचं नाही. म्हणजे कितीही बिनतोड बोला, एक रुपयाही कमी करता येत नव्हता. तरी गोखले वर्षानुवर्षं एक मुद्दा लावून धरत. रेल्वे बांधायची तर कर्ज काढून बांधा. करातून उरलेली शिल्लक तिकडे वळवू नका, ती शिक्षण आणि आरोग्यावर खर्च करा. भाषण ऐकून सरकारी सदस्य त्यांच्या अभ्यासाचं कौतुक करायचे आणि अंदाजपत्रक होतं तसं राहायचं. याला काही जण अपयश म्हणतात. मला तसं वाटत नाही, आणि का ते पुढे येईल.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा रेल्वे पार खिळखिळी झाली होती. गांधीजींनी 1917 साली तिसऱ्या वर्गाच्या डब्यांचे हाल लिहून ठेवलेत. ते प्रवाशाच्या बाजूचं झालं. आतली बाजू सर विल्यम ॲकवर्थ यांच्या समितीने 1921 मध्ये मांडली. कित्येक पुलांचे गर्डर नव्या वजनाला पुरे पडत नाहीत, शेकडो इंजिनं आणि हजारो वाघिणी कधीच बदलायला हव्या होत्या, असा तो अहवाल सांगतो. कारण काय, तर रेल्वेचा पैसा सरकारच्या सर्वसाधारण पैशात मिसळलेला. 31 मार्चला न खर्चलेली रक्कम परत जायची. दुष्काळ पडला, सीमेवर लढाई झाली, की आधी रेल्वेच्या दुरुस्तीला कात्री. समितीत श्रीनिवास शास्त्री, पुरुषोत्तमदास ठाकुरदास आणि राजेंद्रनाथ मुखर्जी हे हिंदी सदस्य होते. रेल्वेचे हिशेब वेगळे करा यावर सगळ्यांचं एकमत झालं. सप्टेंबर 1924 मध्ये मध्यवर्ती असेंब्लीने तसा ठराव केला. दरवर्षी सरकारला ठरावीक वाटा, जुन्या मालमत्तेच्या बदलीसाठी घसारा निधी आणि खर्चावर नजर ठेवायला सदस्यांची समिती. 2016 पर्यंत आपण जो वेगळा रेल्वे अर्थसंकल्प पाहिला, त्याचं मूळ इथे आहे. गोखल्यांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. पण रेल्वेच्या खर्चाला लोकप्रतिनिधींची मंजुरी लागते ही कल्पना सभागृहात रुजली ती त्या मत नसलेल्या भाषणांतून.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. 17 जुलै 1937. पाटण्याजवळ बिहटा इथे पंजाबहून हावड्याला निघालेली एक्सप्रेस रुळांवरून उतरली. शंभरावर माणसं गेली. आधी घातपाताचा संशय होता, असे संशय सोयीचे असतात. पण सर जॉन थॉम या न्यायाधीशांच्या चौकशीत बोट वळलं ते एक्सबी जातीच्या इंजिनाकडे. वेगात ही इंजिनं दोन्ही बाजूंना हेलकावे खात आणि त्या धक्क्यांनी रुळ वाकडे होत. 1920 च्या दशकात ही इंजिनं पुरेशी पारख न करता मोठ्या संख्येने मागवली होती. मागवली कोणी? रेल्वे बोर्डाच्या व्यवस्थेने. आणि गाड्या-रुळ सुरक्षित आहेत की नाहीत हे तपासणारे सरकारी इन्स्पेक्टर कोणाच्या हाताखाली? त्याच बोर्डाच्या.

इंजिनांची तपासणी करायला ब्रिटनहून ॲलन माउंट यांच्या अध्यक्षतेखाली समिती आली. त्यांनी इंजिनांचे दोष सांगितलेच, शिवाय हेही सांगितलं की तपासनीस बोर्डापासून वेगळे करा. 1935 च्या कायद्यातही हेच तत्त्व होतं, पण त्यातली संघराज्याची रेल्वे यंत्रणा कधी उभीच राहिली नाही. शेवटी मे 1941 मध्ये हे इन्स्पेक्टर टपाल आणि हवाई वाहतूक खात्याकडे दिले गेले. आजही रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली काम करतात. अनेकांना हे विचित्र वाटतं. रेल्वेचा तपास विमानवाल्यांकडे कसा? तर तो असा, बिहट्याहून.

या एका बदलावर ना सिनेमा निघाला, ना कुठे पुतळा उभा राहिला. माझ्या मते मात्र मंत्र्याच्या राजीनाम्यापेक्षा हा बदल मोठा आहे. राजीनामा दिला तर माणूस बदलतो. इथे तपासणारा कोणाचा नोकर, हेच बदललं.

आता शास्त्रीजी. सप्टेंबर 1956 मध्ये महबूबनगरजवळ पूल कोसळून शंभराहून अधिक लोक गेले. त्यांनी राजीनामा दिला, नेहरूंनी घेतला नाही. 23 नोव्हेंबरला तमिळ प्रदेशात अरियलूरजवळ पुराने पूल खचला आणि तुतिकोरीन एक्सप्रेस नदीत गेली. मृतांचा आकडा दीडशेच्या आसपास. या वेळी शास्त्रीजी अडून बसले. नेहरूंनी लोकसभेत सांगितलं, की अपघाताला शास्त्री जबाबदार आहेत म्हणून नव्हे, तर घटनात्मक संकेत म्हणून मी तो स्वीकारतोय. ही जबाबदारी तमिळ राजकारणाने वेगळ्या पद्धतीने वसूल केली. उपमंत्री अळगेसन तिथलेच होते. 1957 च्या निवडणुकीत द्रमुकने त्यांच्या नावाशी अरियलूर जुळवून घोषणा केली. चेन्नईकडच्या जुन्या माणसांना विचारून पाहा, ती अजून आठवते.

अपघात मात्र थांबले नाहीत. 1962 साली हृदयनाथ कुंझरूंची समिती नेमली गेली. कुंझरू कोण, तर गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे त्या वेळचे अध्यक्ष! धागा कुठून कुठे जातो बघा. त्यांच्यानंतर वांछू, सिक्री, खन्ना अशा समित्या झाल्या आणि 2012 मध्ये डॉ. अनिल काकोडकरांच्या समितीचा अहवाल आला. त्यांनी दोन गोष्टी ठासून मागितल्या. पाच वर्षांत सुरक्षेवर 1 लाख कोटी रुपये, आणि कायद्याने स्थापन झालेलं स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरण. कारण आयुक्त वेगळ्या मंत्रालयाखाली असले तरी त्यांच्या शिफारशी रेल्वेवर बंधनकारक नसतात, आणि ते येतात रेल्वेच्याच इंजिनियरांमधून.

पैशाची मागणी कागदावर मान्य झाली. 2017 मध्ये रेल्वे अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पात मिसळला आणि त्याच वेळी 1 लाख कोटींचा राष्ट्रीय रेल सुरक्षा कोष जाहीर झाला. वेगळा अर्थसंकल्प गेल्याचं मला सरसकट दुःख नाही. शेवटी शेवटी तो आपापल्या मतदारसंघाला गाड्या वाटण्याचा सोहळाच झाला होता. पण संसदेत रेल्वेसाठी राखलेले ते दिवस गेले, हे नुकसान आहेच. मग 2022 च्या डिसेंबरात महालेखापाल, म्हणजे कॅगचा गाड्या रुळावरून घसरण्याबद्दलचा अहवाल संसदेत आला. रेल्वेने स्वतःच्या कमाईतून कोषात जे पैसे घालायचे होते, त्यातले बहुतेक घातलेच नव्हते. आणि कोषातून झालेल्या खर्चात पाय दाबायची यंत्रं आणि भांडीकुंडी सापडली. सुरक्षा कोषात! पुढच्या सहा महिन्यांत, 2 जून 2023 ला, ओडिशात बहानगा बाजारला कोरोमंडल एक्सप्रेस चुकीच्या रुळावर वळून उभ्या मालगाडीवर आदळली. जवळजवळ तीनशे माणसं गेली. तो दोष सिग्नलच्या कामातला निघाला, म्हणून कॅगचे आकडे आणि तो अपघात यांची थेट सांगड मी घालणार नाही, घालूही नये.

तो कॅगचा अहवाल कॅगच्या संकेतस्थळावर मोफत आहे. लांबलचक आहे, तक्त्यांनी भरलेला आहे, वाचताना डुलकी येते. जोशी मास्तर ज्या अहवालांतून आकडे काढत, तेही असेच असणार.