नुकसान झालं तर कोणाचं?

जुन्या जालन्यातून कुंडलिका ओलांडली की नवा जालना लागतो. मोंढा आणि बियाण्यांचा बाजार यांमुळे आसपासच्या शेतकऱ्याची वर्षातून एकदा तरी या गावात चक्कर होतेच. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यातच 'महिको' ही बियाणे कंपनी सुरू केली. पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा गावात राहणाऱ्या माझ्यासारख्याला शेतीची प्रदर्शनं नवी नाहीत. प्रदर्शनाला जाताना मी मात्र एक प्रश्न हमखास सोबत नेतो. तो प्रश्न शंभराहून अधिक वर्षं जुना आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमीन नासते. सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षं लागली. या गोष्टीवर आपण आज हसतो. पण मंडळी, जरा विचार करा. नांगर फसला असता तर हंगाम कोणाचा बुडाला असता? नांगर करणाऱ्याचा नव्हे, धरणाऱ्याचा. शेतकऱ्याच्या त्या 'नाही'मागे अडाणीपणापेक्षा हिशेब जास्त होता.

योगायोग असा, की त्याच १९०३ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, टेरेल नावाच्या गावी, सीमन नॅप या कृषितज्ज्ञानं याच प्रश्नाला हात घातला. सरकारी खर्चानं पिकवलेलं शेत शेतकऱ्याला पटत नाही, हे त्यानं ओळखलं होतं. म्हणून प्रात्यक्षिकासाठी वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याचंच रान निवडलं. गावातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून ठेवली. नुकसान झालं, तर त्यातून भरून द्यायचं! भरून देण्याची वेळ आली नाही, उलट पोर्टरला नफा झाला. अमेरिकेतल्या कृषी विस्ताराची मुळं या शेतात सापडतात.

आपल्याकडे प्रदर्शनाला भव्य रूप दिलं ते वऱ्हाडच्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी. ते केंद्रात कृषिमंत्री असताना दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. ११ डिसेंबर १९५९ रोजी त्याच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. पण दिल्लीचं प्रदर्शन किती जणांना पाहायला मिळणार? १९६४-६५ पासून राष्ट्रीय प्रात्यक्षिकं सुरू झाली, तीही शेतकऱ्यांच्या स्वतःच्या रानात. १९७४ मध्ये पुदुच्चेरीला देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र निघालं. आमच्या जालन्याजवळ खरपुडीलाही असं केंद्र आहे. आणि १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेलं परभणीचं कृषी विद्यापीठ आपल्या स्थापनादिनी खरीप मेळावा आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, रब्बी मेळावा भरवतं.

अशाच एका प्रदर्शनात मी रुंद वरंबा-सरी पद्धतीनं पेरणी करणारं यंत्र चालताना पाहिलं. आमच्या काळ्या जमिनीसाठी ही युक्ती मोलाची आहे. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, पावसानं ओढ दिली तर वरंब्यात ओल टिकते. ट्रॅक्टर पुढे सरकला आणि माणसं मागे धावली. कोणी बोटांनी माती उकरून बी किती खोल पडलं ते पाहत होतं, कोणी वितीनं अंतर मोजत होतं. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, ''भाऊ, हे बैलांवर चालतं का?'' नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न आला, ''मग भाड्यानं वाफशावर मिळंल का?''

माहिती सांगणारा तरुण गप्प झाला. प्रश्न बिनतोड होता. पेरणीला वाफसा मोजकेच दिवस टिकतो. त्या दिवसांत गावातला प्रत्येक ट्रॅक्टर आधी मोठ्या रानात जातो. दोन एकरवाल्याची पाळी येईतो ओल उडालेली असते. यंत्रात खोट नसते, पण नुकसान त्याच्याच पदरी पडतं.

दुसरी अडचण काळाची. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. बोंडअळीपासून सुटका होते हे पाहून शेतकऱ्यांनी तो झपाट्यानं स्वीकारला. २०१७ च्या हंगामात मात्र गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रात त्याच कापसाची बोंडं पोखरली. अळीनं त्या वाणाला दाद देणं सोडलं होतं. प्रात्यक्षिकाचा प्लॉट खोटा नसतो, पण तो एका हंगामाचंच बोलतो.

याउलट जालना जिल्ह्यातलं कडवंची गाव पाहा. तिथं नव्वदच्या दशकात पाणलोटाचं काम सुरू झालं. माथ्यावरून पायथ्याकडे पाणी अडवत आणलं. पुढे शेततळी आली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तिथं शेत दाखवणारा आणि त्यात स्वतःचा पैसा घालणारा माणूस एकच असतो. कोणत्या साली काय बिघडलं, हेही तोच सांगतो.

म्हणून प्रदर्शनाला जरूर जावं. पिशवीभर माहितीपत्रकं आणावीत, यंत्राला हात लावून पाहावा. मात्र निघण्यापूर्वी तिथल्या माणसाला विचारावं, हे किती हंगामांपासून कोणाच्या रानात चाललंय आणि त्याचा गाव कोणता? मग एक दिवस काढून त्या गावी जाऊन यावं. टेरेलसारखी वर्गणी आपल्यासाठी कोणी काढून ठेवलेली नाही. तोवर एसटीचं तिकीट हाच आपला विमा.