नोकरी संभाळून शिकणारे विद्यार्थी आणि त्यांच्यासाठीं झालेले नियम

ज्युबिलीच्या निमित्तानें मागील काळाकडे वळून पाहण्याचा प्रघात आहे. देऊळ केव्हां उभें राहिलें, शाळा कोणीं काढली, कोणकोणत्या फादरांनीं येथें सेवा केली, याचा वृत्तांत या स्मरणिकेंत अन्यत्र येईलच. आम्हीं येथें एक निराळा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. मुलांच्या शिक्षणाविषयीं आपल्या समाजांत पुष्कळ बोललें गेलें आहे, आणि पुष्कळ कार्यहि झालें आहे. परंतु ज्यांचें शिक्षण मध्येंच राहिलें त्यांचें काय? धाकट्या भावंडांच्या फीसाठीं कॉलेज सोडून नोकरीस लागलेला वडील भाऊ, लग्नानंतर जिचीं पुस्तकें ट्रंकेंत पडून राहिलीं अशी बहीण, पाळीवर जाणारा गिरणींतला कामगार, अशीं माणसें कोणत्या धर्मग्रामांत नाहींत? त्यांना तिसाव्या किंवा चाळिसाव्या वर्षीं पुन्हां शिकावेंसें वाटलें, तर कॉलेजाचें दार त्यांना उघडें असतें काय?

या प्रश्नाचें उत्तर तीन साध्या गोष्टींवर अवलंबून असतें. वर्ग किती वाजतां भरतो. फी किती व कशी द्यावी लागते. आणि अभ्यासांत खंड पडला तर पूर्वीचें शिकलेलें जमेस धरतात कीं नाहीं. गेल्या दोनशें वर्षांत प्रौढ विद्यार्थ्यांसाठीं जें कांहीं झालें, तें या तीन नियमांच्या फेरफारामुळेंच झालें. आणि जेव्हां त्यांचें नुकसान झालें, तेव्हां तेंहि याच नियमांमुळें झालें.

या इतिहासाचा एक ठळक आरंभ लंडन शहरांत सांपडतो. जॉर्ज बर्कबेक नांवाचे एक डॉक्टर तरुणपणीं ग्लासगो येथें अध्यापक होते. आपल्या प्रयोगांचीं यंत्रें बनविणारे कारागीर त्या यंत्रांविषयीं किती उत्सुकतेनें विचारतात हें पाहून त्यांनीं १८०० सालीं त्यांच्यासाठीं विनामूल्य व्याख्यानें सुरू केलीं. पुढें नोव्हेंबर १८२३ मध्यें लंडनांत एक मोठी सभा भरली व तींतून लंडन मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन ही संस्था निघाली. तेथें कामकऱ्यांनीं दिवसभर काम करावें व सायंकाळीं येऊन शिकावें, अशी योजना होती. खर्च सभासदांच्या वर्गणींतून चालावयाचा. व्यवस्थापक मंडळांत दोन तृतीयांश सभासद कामकरी वर्गांतीलच असावे, असा नियम होता. कामकऱ्यांना विद्या दिली तर ते शिरजोर होतील, अशी ओरड त्या काळच्या कांहीं पत्रांनीं केली; पण संस्था टिकली. १८३० सालीं तिनें स्त्रियांनाहि प्रवेश दिला. हीच संस्था पुढें बर्कबेक कॉलेज या नांवानें प्रसिद्धीस आली, आणि १९२० सालीं लंडन विद्यापीठांत सामील झाली. त्या वेळींहि सायंकाळीं शिकणारांची सेवा हेंच तिचें काम म्हणून कायम राहिलें.

वेळेचा प्रश्न असा सुटला, तरी पदवीचा प्रश्न उरलाच. लंडन विद्यापीठाची सनद १८३६ सालची. तीप्रमाणें मान्य कॉलेजांत शिकल्याचा दाखला आणल्यावांचून पदवीच्या परीक्षेस बसतां येत नसे. १८५८ सालीं नवीन सनद मिळाली आणि वैद्यकाखेरीज इतर विषयांत ही अट गेली. कोठें शिकलास, हें विद्यापीठानें विचारावयाचें नाहीं. काय येतें, एवढेंच तपासावयाचें, असें ठरलें. खेड्यांतला शाळामास्तर, पेढींतला कारकून, दूर वसाहतींत राहणारा नोकरदार, सर्वांना घरीं अभ्यास करून परीक्षा देतां येऊं लागली. १८७८ सालीं या विद्यापीठाच्या पदव्या स्त्रियांनाहि मोकळ्या झाल्या.

योगायोग असा कीं, त्याच १८५८ सालीं डब्लिन शहरांतील कॅथॉलिक विद्यापीठांत सायंकाळचे वर्ग सुरू झाले. या विद्यापीठाचे प्रमुख जॉन हेन्री न्यूमन. तेच पुढें कार्डिनल झाले, व २०१९ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संत म्हणून घोषित केलें. शहरांतल्या दुकानांत व कचेऱ्यांत काम करणाऱ्या तरुणांसाठीं हे वर्ग होते. त्या विद्यार्थ्यांपुढें नोव्हेंबर महिन्यांत न्यूमन यांनीं केलेलें भाषण त्यांच्या विद्यापीठविषयक प्रसिद्ध ग्रंथांत समाविष्ट आहे. दमून आलेल्या विद्यार्थ्यानें नुसतें व्याख्यान ऐकून घरीं जावें, हें त्यांना मान्य नव्हतें. गुरूनें विचारावें, शिष्यानें उत्तर द्यावें, पुन्हां विचारावें, अशा संवादानेंच मन खरें शिस्तींत येतें, असें त्यांचें प्रतिपादन होतें. नोकरी करणारास हलकें शिक्षण पुरे, असें मानणारांस हें चांगलें उत्तर आहे. वेळ बदलावी, पण शिक्षणाचा दर्जा उतरवूं नये, हा धडा त्या भाषणांत आहे.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. मुंबई विद्यापीठाचा कायदा १८ जुलै १८५७ रोजीं झाला, आणि त्याचा नमुना लंडनचाच होता. परंतु तो होता लंडनच्या जुन्या सनदेचा नमुना! सेनेटच्या खास हुकुमावांचून, मान्य कॉलेजाच्या दाखल्याशिवाय पदवीच्या परीक्षेस बसतां येऊं नये, असें त्यांत ठरलें. पुढच्याच वर्षीं मूळ विद्यापीठानें तें दार मोकळें केलें. मुंबईकडे मात्र कॉलेजांत जाऊन टर्म भरण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालली. टर्म भरावयाच्या तर हजेरी हवी, आणि कॉलेजचे वर्ग व कचेरीचे तास एकाच वेळीं असले कीं कारकुनास पदवी मिळावी कशी? पुण्यास जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनीं १८५५ सालींच शेतकरी व कामकरी यांच्यासाठीं रात्रीची शाळा काढली होती. शाळेनें जी गरज ओळखली ती कॉलेजांच्या ध्यानीं येण्यास पुष्कळ काळ जावा लागला.

तिसऱ्या नियमाचें, म्हणजे खंडाच्या नियमाचें, महत्त्व एका थोर पुरुषाच्या चरित्रावरून दिसून येतें. डॉ. भीमराव आंबेडकर १९१६ सालीं अमेरिकेहून लंडनास गेले व तेथें अर्थशास्त्राचा अभ्यास करूं लागले. परंतु बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परत यावें लागलें. चार वर्षांच्या आंत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनीं विद्यापीठाकडून मिळविली होती. मुंबईस सिडनहॅम कॉलेजांत प्रोफेसरी करून त्यांनीं पैसा सांठविला. त्यांत कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या साहाय्याची व एका मित्राच्या कर्जाची भर पडली, आणि १९२० सालीं ते पुन्हां लंडनास पोंचले. १९२१ सालीं एम्. एस्सी. व १९२३ सालीं डी. एस्सी. या पदव्या त्यांनीं मिळविल्या. विद्वत्ता व जिद्द त्यांची होतीच. परंतु "खंड पडला, आतां पहिल्यापासून सुरुवात करा" असें विद्यापीठ म्हणतें, तर त्यांचा मार्ग कितीतरी बिकट झाला असता.

अडचणींत शिकलेल्या या पुरुषानें पुढें इतरांची अडचण विसरली नाहीं. ८ जुलै १९४५ रोजीं त्यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, आणि २० जून १९४६ रोजीं तिचें सिद्धार्थ कॉलेज मुंबईत सुरू झालें. त्याचे वर्ग सकाळीं भरत. विद्यार्थ्यानें पहांटे उठून कॉलेजांत यावें, आणि वर्ग सुटल्यावर कचेरी गांठावी. ज्यांच्या पगारावर घर चालत होतें अशा कितीतरी तरुणांना त्या एका बदलानें पदवीची वाट मोकळी झाली. लंडनांत सायंकाळीं झालें तें येथें सकाळीं झालें, तत्त्व एकच.

पुढें टपालानें शिक्षण देण्याची पद्धत आली. दिल्ली विद्यापीठानें ती १९६२ सालीं व मुंबई विद्यापीठानें १९७१ सालीं सुरू केली. त्याच १९७१ च्या जानेवारींत ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाचें अध्यापन सुरू झालें. त्याची सनद १९६९ सालची. तेथें प्रवेशास कोणत्याहि पूर्वपरीक्षेची अट नव्हती, आणि पहिल्याच वर्षीं सुमारें २४ हजार विद्यार्थी दाखल झाले. अभ्यासाचे लहान लहान भाग पाडले होते; एकेक भाग पुरा केला कीं तो विद्यार्थ्याच्या नांवें जमा होई. भारतांत असें पहिलें विद्यापीठ १९८२ सालीं हैदराबादेस निघालें. १९८५ सालीं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व १९८९ सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. ज्यांची बारावी झाली नव्हती अशांसाठीं नाशिकच्या विद्यापीठानें पूर्वतयारीचा शिक्षणक्रमहि काढला.

एवढें झाल्यावर सर्व कार्य सिद्धीस गेलें, असें कोणास वाटेल. पण फीचा प्रश्न दिसतो त्याहून कठीण आहे, आणि याचा दाखला ज्या देशांत ही चळवळ वाढली त्याच देशानें दिला आहे. इंग्लंडांत २००८ सालापासून, पूर्वींची पदवी असलेल्या मनुष्यानें तिच्या बरोबरीची किंवा खालची दुसरी पदवी घ्यावयाची म्हटली, तर त्याबद्दल कॉलेजास मिळणारें सरकारी साहाय्य बहुतेक बंद झालें. संसारी मनुष्य धंदा बदलण्यासाठीं पुन्हां शिकूं लागतो, तो नेमका या नियमांत सांपडला. मग २०१२ सालीं फीची कमाल मर्यादा वाढली. पूर्णवेळ विद्यार्थ्यास ती वर्षाला ९,००० पौंड झाली, आणि अर्धवेळ विद्यार्थ्यास ६,७५० पौंड. कर्जाची सोय अर्धवेळ विद्यार्थ्यांसहि केली. पण पूर्णवेळ अभ्यासाच्या चौथाईपेक्षां कमी अभ्यास घेणारांस, व बहुतेक पूर्वपदवीधरांस, ती मिळेना. ज्यांस मिळत होती त्यांपैकींहि अनेकांनीं, घराचे हप्ते व मुलांचा खर्च डोक्यावर असतां, नवें कर्ज अंगावर घेतलें नाहीं. परिणाम असा झाला कीं, २०१० ते २०१५ या पांच वर्षांत तेथील अर्धवेळ प्रवेशांची संख्या सुमारें निम्म्यानें घटली. कोणीं मोर्चा काढला नाहीं, कोणीं दार ठोठावलें नाहीं. अठरा वर्षांच्या मुलाचा प्रवेश हुकला तर सगळें घर हळहळतें. चाळीस वर्षांचा मनुष्य अर्ज न भरतां मुकाट्यानें कामावर जातो, आणि त्याची हानि कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं.

आपल्या देशांत २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें खंडाच्या नियमाकडे लक्ष दिलें आहे. २०२१ सालच्या विनियमांनीं विद्यार्थ्यांच्या नांवें श्रेयांकांची एक पेढीच उघडली. शिकलेल्या भागाचे श्रेयांक तींत जमा होतात व जास्तींत जास्त सात वर्षेंपर्यंत पुढील अभ्यासास उपयोगीं पडूं शकतात. १९१७ सालीं एका विद्यार्थ्यास परवानगी मागून जें मिळवावें लागलें, तें आतां नियमांत आलें आहे. तरी नियमाचा लाभ ज्यास तो ठाऊक आहे त्यालाच होतो.

म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंती आहे. आपल्या घरांत कोणाचें शिक्षण अर्धवट राहिलें असेल, तर त्याचीं जुनीं गुणपत्रकें शोधून नीट जपून ठेवावीं. प्रवेश घेण्यापूर्वीं कॉलेजास तीन प्रश्न अवश्य विचारावे: वर्ग केव्हां भरतात, फी हप्त्यानें किंवा विषयागणिक देतां येते काय, आणि आजारपण, बाळंतपण किंवा बदली यांमुळें खंड पडल्यास झालेला अभ्यास व भरलेली फी यांचें काय होतें. उत्तरें लेखी घ्यावीं. आणि ज्यांच्या त्यागावर धाकटीं भावंडें शिकलीं, त्या वडील मंडळींच्या फीचा भार आतां त्या भावंडांनीं आनंदानें उचलावा. ज्युबिलीच्या वर्षीं जुनें ऋण फेडण्याची ही रीत कोणासहि शोभेल.