नागरी रेल्वे गुंतवणूक : मूल्यमापन
शहरी रेल्वेवर सार्वजनिक पैसा कोणत्या मार्गावर आणि आधी कोठे घालावा, हे ठरविण्याची पद्धत. भारतात 2017 च्या मेट्रो रेल्वे धोरणाने निकष बदलला : 8 टक्के वित्तीय परताव्याऐवजी 14 टक्के आर्थिक परतावा. वाचलेला वेळ, इंधन, घटलेले प्रदूषण यांचेही मोल त्यात धरतात. बीआरटीसारख्या (राखीव मार्गावरील जलद बससेवा) पर्यायांशी तुलना सक्तीची आहे. सारा हिशेब मात्र प्रवासीसंख्येच्या अंदाजावर उभा असतो. अंदाज फुगला की परतावाही फुगतो. मार्ग निवडताना इतर रेल्वेंशी असलेला जोडही पाहावा लागतो. उदा., मुंबईचा पहिला मेट्रोमार्ग (वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर, 2014, सु. 11.4 किमी.) पश्चिम व मध्य उपनगरी रेल्वेंना आडवा जोडतो, अंधेरीला लोकलमधून उतरलेला प्रवासी पादचारी पुलावरून मेट्रोत शिरतो. अशा जोडमार्गांना अग्रक्रम मिळायलाच हवा आणि स्थानकाबाहेरच्या पदपथांचा खर्चही प्रकल्प-अहवालातच धरला पाहिजे.